नागपूरच्या गच्चीवर कोणता डबा टिकतो

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा माल नागपुरात दोनदा खपतो. एकदा नवतप्यात, घर भट्टीसारखं तापलं म्हणून. आणि नंतर मृगाच्या सरी आल्यावर, पीओपीवर पिवळा डाग उमटला म्हणून. दोन्ही वेळेला दुकानातून बहुतेक एकच वस्तू बाहेर पडते: पांढऱ्या ॲक्रिलिक कोटिंगची २० लिटरची बादली. डॉ. फिक्सिट, एशियन पेंट्स, बर्जर, कोणतीही घ्या, जात एकच. इथे त्या बादलीचं परीक्षण आहे आणि तिच्या शेजारच्या फळीवरच्या मालाचंही: दोन-घटकी सिमेंटी कोटिंग, काळी मेंब्रेन, पीयू (पॉलियुरेथेन), आणि मिस्त्री लोकांचा लाडका ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर. निकाल आधीच सांगून टाकतो. बादली चांगली आहे, पण गळती थांबवणं हे तिचं काम नव्हे.

आधी इथल्या उन्हाचा हिशेब. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. हवा ४५ च्या पुढे असते तेव्हा उघडा स्लॅब साठीच्या घरात सहज जातो, आणि संध्याकाळी वळवाची सर आली की अर्ध्या तासात निवतो. १० मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब ४० अंशांच्या फरकानं सुमारे ४ मिलिमीटर लांबतो-आखडतो. स्लॅब काँक्रीटचा, कठडा विटांचा. दोघांची हालचाल सारखी नसते. त्यामुळे भेग पडते ती स्लॅब आणि कठडा जिथे भेटतात तिथे, मग पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी, मग जिन्याच्या टॉवरच्या भिंतीशी. गच्चीच्या मधोमध भेग असतेच असं नाही, पण ब्रश मात्र तिथेच सगळ्यात जोरात फिरतो, कारण तिथे बसून मारायला सोपं पडतं.

कोणताही डबा उघडण्याआधी पाणी कुठून शिरतं ते सापडलं पाहिजे. खोलीत थेंब पडतो त्याच्या नेमक्या वर भोक असेल, हा समज सोडा. स्लॅबमध्ये वायरिंगचे पाइप पुरलेले असतात. पाणी एका कोपऱ्यात शिरतं, त्या पाइपातून वाहतं आणि हॉलच्या मधोमध पंख्याच्या हुकातून टपकतं. म्हणून डाग कुठे आहे याच्याइतकंच तो कधी येतो हे महत्त्वाचं. पाऊस सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांत टपकत असेल तर सरळ वाट आहे: पाइपचं तोंड, उघडी भेग, फुटलेला गोला (गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर भराव). पाऊस थांबून तीन-चार तास झाल्यावर टपकायला लागून दोन दिवस चालत असेल तर कोबा पाणी पिऊन बसला आहे. भिंतीच्या वरच्या हातभर पट्ट्यातच ओल असेल आणि छत कोरडं असेल तर कठड्याचं प्लास्टर किंवा कठड्याचा माथा तपासा.

आणि ऐन मे महिन्यात छताला ओल आली तर पावसाला दोष देऊ नका, वर जाऊन कूलर बघा. गच्चीवर ठेवलेल्या डेझर्ट कूलरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकला की दिवसभर पाणी सांडतं. त्याच्या अँगलच्या स्टँडचे पाय कोब्यात ठोकलेले असतील तर ते पाणी त्या चार भोकांतून सरळ खाली उतरतं. सिंटेक्सच्या टाकीचा ओव्हरफ्लो आणि तिचा जीआय निपल (लोखंडी पाइपचा जोड-तुकडा) या संशयितांची पाळी त्यानंतर.

पाणी साठवून चाचणी अशी करावी. गच्ची झाडून घ्या. पाइपची तोंडं प्लास्टिक आणि ओल्या मातीच्या गोळ्यानं बंद करा. गच्ची मोठी असेल तर एक वीट उंचीचे मातीचे किंवा सिमेंट-रेतीचे बांध घालून तिचे तीन-चार वाफे करा. एका वेळी एकच वाफा भरा, दीड-दोन इंच पाणी, ४८ तास. ५० मिलिमीटर पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलो होतं, चांगला स्लॅब ते सहज पेलतो; छताच्या सळ्या उघड्या पडल्या असतील तर मात्र ही चाचणी करू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. सुरुवात उताराच्या खालच्या टोकाकडून करा. पाणी गोल्याच्या खालीच राहू द्या. तेवढ्यानं ४८ तास छत कोरडं राहिलं तर त्यानंतर पातळी गोल्याच्या वर न्या, आणि शेवटी नुसत्या कठड्यावर पाइपनं पाणी मारा. कोणत्या पायरीला डाग ओला झाला त्यावरून दोषी ठरतो. सगळी गच्ची एकदम भरली तर गळती आहे एवढंच कळतं, आणि ते तर आधीच ठाऊक असतं.

दोन छोट्या तपासण्या आणखी. लोखंडी सळईच्या टोकानं कोब्यावर फूट-फूट अंतरानं ठोकत जा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे खडूनं गोल करा. दुसरी, दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर गच्ची अजून ओली आहे. त्यावर कोटिंग मारलं तर पहिल्या कडक उन्हात वाफ वर येणार आणि फोड येणार. दुकानदाराकडे येणाऱ्या ‘माल खराब होता’ या तक्रारींपैकी बऱ्याच या फोडांच्या असतात.

आता बादली. पांढरं ॲक्रिलिक कोटिंग पाण्यात मिसळलेलं असतं. सुकल्यावर त्यातलं साधारण निम्मंच उरतं. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला तर ओली जाडी १ मिलिमीटर आणि सुकी अर्धा मिलिमीटर. आता १००० चौरस फूट गच्ची घ्या, म्हणजे ९३ चौरस मीटर. एक बादली तिच्यावर पुरवली तर सुकी जाडी एक दशांश मिलिमीटर येते, म्हणजे साध्या कागदाइतकी. ही जाडी एक उन्हाळा काढत नाही. फायबरग्लासची जाळी टाकून ०.४ ते ०.५ मिलिमीटरचा थर हवा असेल तर तेवढ्याच गच्चीला ८० ते १०० लिटर, म्हणजे चार ते पाच बादल्या लागतात. पेंटर एक बादली सांगतो, त्यात पाणी वाढवतो आणि दोन हात मारून देतो. तो रंग झाला, वॉटरप्रूफिंग नव्हे. पहिल्या हाताला प्रायमर म्हणून पातळ करायला कंपनी सांगते, तेवढंच पाणी घाला. पुढच्या हातांना एक थेंबही नको.

ॲक्रिलिकचा दुसरा दोष पाण्याचाच आहे. साचलेल्या पाण्याखाली ते आठवडाभर राहिलं की मऊ पडतं, फुगतं आणि कडेनं सुटतं. उतार नसलेल्या गच्चीवर डबकं जिथे साचतं तिथेच चकत्या निघतात, बाकी सगळीकडे थर शाबूत दिसतो. त्यामुळे बादली घेण्याआधी दोन बादल्या पाणी ओतून बघा. डबकं राहिलं तर त्याची कड खडूनं आखा, तो खड्डा पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरनं भरून घ्या. उतार १०० ला १ तरी हवा, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच.

बादलीच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे आणि ती नागपुरात हलकी धरू नये. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. वरच्या मजल्यावर रात्री दहा वाजता छतातून येणारी धग या थरानं खरोखर उतरते, आणि त्याच्या खालचं वॉटरप्रूफिंगही कमी तापतं म्हणून जास्त टिकतं. थोडक्यात, वरचा थर म्हणून बादलीला पूर्ण गुण, दुरुस्ती म्हणून नापास. धूळ बसली की तिची चमक जाते. वर्षातून एकदा, होळीनंतर, नुसत्या पाण्यानं धुवावी. ओलं असताना ती निसरडी होते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा.

दुरुस्तीसाठी आमची पहिली पसंती दोन-घटकी पॉलिमर-सिमेंट कोटिंगला. पावडरची पिशवी आणि पांढऱ्या लिक्विडचा डबा जोडीनं येतो. डॉ. फिक्सिटचं पिडिफिन, फॉसरॉकचं ब्रशबाँड, सिकाचं टॉपसील ही या वर्गातली नावं. लोहाओळी-गांधीबागेकडच्या मोठ्या दुकानांत विचारलं की यातलं एखादं मिळतं, गल्लीतल्या पेंटच्या दुकानात सांगून मागवावं लागतं. याची पकड सिमेंटवर फार चांगली, किंचित ओलसर पृष्ठभाग चालतो, आणि साचलेल्या पाण्याला ते घाबरत नाही. जोडी अर्धी करायची वेळ आली तर वजनकाट्यावर करा, मगानं मोजू नका. लिक्विड बादलीत ओतायचं आणि त्यात पावडर थोडीथोडी सोडत मंद गतीच्या ड्रिल मिक्सरनं तीन-चार मिनिटं फिरवायचं. उलटं केलं, पावडरवर लिक्विड ओतलं, की गुठळ्या तळाशी बसतात आणि मग कामगार पाणी घालून त्या फोडत बसतो. तयार माल अर्ध्या तासात संपवायचा. उन्हाळ्यात वीस मिनिटं धरा. घट्ट व्हायला लागलेला माल पाण्यानं पुन्हा पातळ केला तर तो फेकून देण्याच्या लायकीचाच उरतो.

मात्रा चौरस मीटरला दीड ते दोन किलो, दोन हातांत मिळून. पहिला हात लांबीला, दुसरा रुंदीला, मध्ये किमान सहा तास. रात्र गेली तर उत्तमच. पहिला हात ओला असतानाच सांध्यांवर, गोल्यावर आणि भेगांवर फायबरग्लासची जाळी बसवून ब्रशनं दाबायची. जाळी सुक्या थरावर नुसती अंथरून वरून माल मारला तर ती पापडासारखी सुटते. आणि वेळ: नागपुरात फेब्रुवारीनंतर हे काम सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. तापलेल्या स्लॅबवर कोटिंगमधलं पाणी उडून जातं, सिमेंटला धरायला ओल उरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला लागते. आधी स्लॅबवर पाणी मारून तो निववायचा, साचलेलं पाणी पुसून घ्यायचं, मग ब्रश. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला; स्लॅब कोरडा असतो आणि मिस्त्रीही हाताशी असतो.

पण या कोटिंगचं यशही कडेवर ठरतं. कठड्याच्या आतल्या बाजूचं प्लास्टर तळापासून फूटभर उंचीपर्यंत काढायचं. सांध्यातली सैल माती-चुना खरवडून पाव-अर्धा इंच खोल खाच करायची, ती पॉलिमर मॉर्टरनं भरायची. त्यावर सिमेंट-रेती १ ला ३ चा तीन इंची गोला. त्यात इंटिग्रल लिक्विड (सिमेंटमध्येच मिसळायचं वॉटरप्रूफिंगचं द्रव) घालायचं तर प्रमाण पाळा, डॉ. फिक्सिट एलडब्ल्यू प्लसचं ५० किलोच्या पोत्याला २०० मिलिलिटर आहे. ‘जास्त टाकलं की जास्त पक्कं’ हा हिशेब इथे चालत नाही. गोल्याला चार-पाच दिवस पाणी मारल्यावर कोटिंग त्याच्यावरून चढवून भिंतीवर फूटभर न्यायचं आणि तिथे प्लास्टरच्या खाचेत दाबून संपवायचं. भिंतीच्या तोंडावर उघडं सोडलेलं कोटिंग वरच्या कडेनं उलगडतं आणि पाणी त्याच्या मागून उतरतं.

पाण्याच्या पाइपचं तोंड ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. पीव्हीसी गुळगुळीत, सिमेंट त्याला चिकटत नाही; दोघांमध्ये केसाएवढी फट राहतेच. तोंडाभोवती सहा इंचांचा गोल फोडा, पाइपला कानस किंवा पॉलिश पेपर मारून खरबरीत करा, नॉन-श्रिंक ग्राउट (सुकल्यावर न आखडणारा सिमेंटी माल) भरा, पाइपच्या कडेनं बोटभर खाच ठेवून त्यात पीयू सीलंट भरा, आणि कोटिंग जाळीसकट पाइपच्या आत दोन इंच उतरवा. पाइप किती हवेत याचाही हिशेब आहे: तासाला १०० मिलिमीटरच्या पावसात ४ इंची पाइप साधारण ४२ चौरस मीटर, म्हणजे साडेचारशे चौरस फूट गच्चीचं पाणी नेतो. हजार फुटांच्या गच्चीला एकच तोंड आणि त्यावर कडुलिंबाचा पाला, असं असेल तर कोणतंही कोटिंग तळ्याखाली राहणार. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच शंभराच्या वर मिलिमीटर पाऊस शहरावर पडला होता; तेव्हा हा हिशेब कागदावरचा नाही.

चाचणी सात दिवसांनी पुन्हा, ४८ तास. पास झालं की त्यावर दीड इंच स्क्रीड (सिमेंट-रेतीचा थर) किंवा चायना चिप्स (फुटक्या टाइल्सचे तुकडे). स्क्रीड सलग टाकू नका, आठ-दहा फुटांचे चौकोन पाडून सांधे सीलंटनं भरा. आणि मग, वाटल्यास, वर पांढरी बादली.

ब्रिकबॅट कोब्याबद्दल मिस्त्रीशी वाद घालावा लागतो. जुना कोबा उत्तम असतो. उतार देतो, ऊन अडवतो. पण गळणाऱ्या कोब्यावर दुसरा कोबा हा सल्ला ऐकू नका. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं. हजार फुटांच्या गच्चीवर ते अठरा-एकोणीस टन झालं, आणि खालचा ओला कोबा तसाच दाबून ठेवलेला. पोकळ आवाजाचा भाग एक-चतुर्थांशाहून कमी असेल तर तेवढाच काढून भरा. जास्त असेल तर सगळा काढून स्लॅबपासून सुरुवात करा. खर्च दुखतो, पण अधलंमधलं काम इथे टिकत नाही.

एपीपी मेंब्रेन, म्हणजे गॅसच्या ज्योतीनं चिकटवायची ३ किंवा ४ मिलिमीटरची काळी चादर, मोठ्या सरळ गच्चीला आणि गोदामाला ठीक. चार इंच ओव्हरलॅप, खाली प्रायमर, सांध्यातून वितळलेल्या डांबराची बारीक रेघ बाहेर आली पाहिजे; ती दिसली नाही तर सांधा चिकटलेला नाही. घराच्या गच्चीवर मात्र टाक्या, कूलर, डिशचे पाय, पाइप यांची इतकी गर्दी असते की प्रत्येक ठिकाणी ठिगळ येतं. उघडी काळी मेंब्रेन मे महिन्यात पायाखाली मऊ पडते आणि घर तापवते. खाली पाणी शिरलंच तर ते चादरीखालून कुठेही फिरतं, शोधणं मुश्कील.

पीयू कोटिंग भेगांवर ताणतं, या बाबतीत ते सगळ्यात पुढे. पण स्लॅब पूर्ण कोरडा हवा, प्रायमर हवा, आणि स्वस्त पीयू उन्हानं पिवळं पडून भुकटी सोडतं. वर ऊन सोसणारा ॲलिफॅटिक थर किंवा स्क्रीड लागतोच. जिन्याच्या टॉवरजवळची, दरवर्षी उघडणारी भेग असेल तर तिथे पीयू सीलंट वापरा: अर्धा इंच रुंद खाच, तळाशी फोमची दोरी, वर सीलंट. दोरी नसेल तर सीलंट तळालाही चिकटतो आणि ताणल्यावर मधोमध फाटतो. काळ्या मातीवरच्या घरांत काही भेगा पायाच्या हालचालीनं पडतात, पावसाळ्यात मिटतात आणि उन्हाळ्यात उघडतात. तिरपी, खिडकीच्या कोपऱ्यापासून कठड्यापर्यंत चढलेली भेग दिसली तर गच्चीचा कोणताही डबा तिच्यावर उपाय नाही.

खालून पीयू इंजेक्शन मारून ‘दोन तासांत गळती बंद’ करून देणारे आहेत. टपकणं थांबतं हे खरं. पाणी वरून शिरतच राहतं, स्लॅबमध्ये अडकतं आणि सळ्या गंजतात. स्लॅब भरताना राहिलेली पोकळी बुजवायला इंजेक्शन चांगलं, पण वरचं काम झाल्यावर.

टिनाच्या छताला यातलं काहीच लागत नाही. स्क्रूखालचं रबर उन्हानं कडक होऊन तडकतं, तिथून पाणी येतं; ईपीडीएम (ऊन सोसणारं रबर) वॉशरचे नवे स्क्रू एक नंबर जाड घ्या. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर असावा, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नाही. आडव्या जोडाला सहा इंच ओव्हरलॅप आणि मध्ये ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). हिवाळ्यात पहाटे टिनाखाली थेंब दिसले तर ते दव आहे, गळती समजून पैसे घालू नका. कवेलूच्या (कौलारू) घराला तर जाणत्या माणसाकडून मे अखेर कवेलू फेरून घेण्याला पर्याय नाही.

काम ठेक्यानं देणार असाल तर कोटेशनमध्ये ‘वॉटरप्रूफिंग, दोन कोट, अमुक रुपये फूट’ एवढ्यावर सही करू नका. मालाचं पूर्ण नाव, चौरस मीटरला किती किलो, भिंतीवर किती उंच, पाइपची तोंडं किती, जाळी कुठे, चाचणी आधी आणि नंतर किती तास, हे लिहून घ्या. क्षेत्रफळ चढवलेल्या भिंतीसकट मोजा, म्हणजे नंतर ‘ते वेगळं’ निघत नाही. सीलबंद डबे तुमच्यासमोर फुटावेत आणि रिकामे डबे मोजल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. एकूण रकमेच्या पंधरा-वीस टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचे ठरवा. चांगला ठेकेदार याला कुरकुर करत हो म्हणतो. दहा वर्षांची वॉरंटी मिळत असेल तर ती मालाची की कामाची, एवढं एकच वाचा. नुसती मालाची असेल तर पुढे नवे डबे मिळतील, मजुरी, जाळी, फोडलेलं प्लास्टर आणि घरातलं खराब झालेलं पीओपी तुमच्याच खात्यावर.